एका घराला एकच पथ्य?

आहाराविषयी सल्ला घेण्यास येणाऱ्या रुग्णांच्या प्रश्नाचे स्वरूप अलीकडे बदलले आहे. पूर्वी रुग्ण ‘काय खाऊ नये?’ असे विचारीत असे. आता तो निर्णय घेऊनच येतो आणि ‘आम्ही घरात धान्य बंद केले आहे, चालेल ना?’ असे विचारतो. पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीला असलेला मुलगा, भाचा दिवाळीत गावी येतो, त्याचे उतरलेले वजन सर्वांच्या नजरेत भरते आणि पाहता पाहता वाशीम, रिसोड, कारंजा अशा ठिकाणच्या घरांतूनही ज्वारी, गहू, तांदूळ व डाळी यांचे डबे माळ्यावर जातात. ‘पॅलिओ’ हा शब्द आपल्या जिल्ह्यात आता अपरिचित राहिलेला नाही.

या आहारपद्धतीविषयी आपल्या व्यवसायबंधूंमध्ये दोन टोकाच्या प्रतिक्रिया आढळतात. एक वर्ग ‘हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे’ असे म्हणून विषय संपवतो. दुसरा वर्ग ‘हे तर आपल्या संहितांत आधीच सांगितले आहे’ असे म्हणून त्यास आयुर्वेदाचे प्रमाणपत्र देऊन टाकतो. दोन्ही भूमिका रुग्णाच्या उपयोगाच्या नाहीत. माझ्या मते खरा प्रश्न पॅलिओ चांगला की वाईट हा नसून, एका व्यक्तीसाठी कदाचित हितकर ठरणारे पथ्य संपूर्ण कुटुंबावर एकाच दिवशी लादावे काय, हा आहे. त्याचे उत्तर देण्यास वैद्याइतका अधिकारी दुसरा कोणी नाही. परंतु ते उत्तर देण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.

विचाराचा उगम

अश्मयुगीन मानवाप्रमाणे आहार घ्यावा, ही कल्पना अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञ वॉल्टर व्हॉग्टलिन यांनी १९७५ साली पुस्तकरूपाने मांडली. १९८५ साली बॉइड ईटन व मेल्विन कॉनर यांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात तिला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला आणि २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ती घराघरांत पोहोचली. मानवाचे शरीर लक्षावधी वर्षे शिकार व कंदमुळे यांवर घडले, शेती अवघ्या दहा-बारा हजार वर्षांची आहे, सबब धान्य, डाळी, दूध व साखर ही शरीरास परकी होत, असा हा युक्तिवाद आहे.

भारतात ही लाट प्रथम तमिळनाडूत उसळली. तेथे शाकाहारी मंडळींसाठी न्याहारीला शंभर बदाम, जेवणात पनीर, नारळ व तूप अशी नवी मांडणी झाली. मूळ मताप्रमाणे दूध वर्ज्य असताना पनीर स्वीकारले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तेलुगू भाषिक प्रदेशात जवळच्याच स्वरूपाचा अल्पधान्य व बहुस्नेह आहार लोकप्रिय झाला. महाराष्ट्रात मात्र जी मोठी चळवळ झाली ती वेगळ्या प्रकारची होती. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा आग्रह धरला. त्यांचा भर खाण्याच्या वेळांवर होता, धान्य सोडण्यावर नव्हता. आपल्याकडील अनेक घरे आज या सर्व मतांची सरमिसळ करून वापरतात. त्यामुळे रुग्ण ‘पॅलिओ’ म्हणतो तेव्हा तो नेमके काय खातो, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मूळ युक्तिवादातील एक उणीव येथेच नोंदवणे आवश्यक आहे. मोझांबिकमधील न्गालुए गुहेत सापडलेल्या सुमारे एक लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर रानटी ज्वारीच्या पिष्टाचे कण आढळल्याचे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जी ज्वारी अश्मयुगाच्या नावाने आपण घरातून हद्दपार करतो, तिच्या पूर्वजांशी अश्मयुगीन मानवाची ओळख असावी. आपल्या महाराष्ट्रात इनामगाव येथील उत्खननातही सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी सातू, मसूर व कुळीथ यांच्या जोडीने हरणाचे मांस खात असल्याचे दिसून आले. मनुष्याचे ताट कोणत्याही काळी एकाच वर्गाच्या द्रव्यांनी भरलेले नव्हते.

एका घरातील अनुभव

चर्चा केवळ तात्त्विक राहू नये म्हणून एका कुटुंबाचा अनुभव देतो. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. कुटुंबप्रमुख माध्यमिक शाळेत शिक्षक, वय ४७, वजन ९२ किलो, सहा वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन चालू. पत्नी ४३ वर्षांची, कृश. मुलगा १३ वर्षांचा, कबड्डी खेळणारा. आई ७२ वर्षांच्या, माळकरी. भाच्याच्या सांगण्यावरून या घराने एका सोमवारपासून धान्य, डाळी, साखर व गूळ पूर्ण बंद केले. शिक्षक व मुलगा अंडी व मांस घेऊ लागले. सासू-सुनेच्या वाट्याला पनीर, खोबरे, बदाम व भाज्या आल्या.

सहा आठवड्यांत शिक्षकांचे वजन सात किलोंनी उतरले व रक्तशर्करा पुष्कळ खाली आली. त्यांना आनंद होणे स्वाभाविक होते. परंतु दोन वेळा शाळेत अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरले व फळ्यावरील अक्षरे दिसेनाशी झाली. आईंना मलावष्टंभ इतका झाला की त्यांनी जेवणच निम्मे केले. मुलगा मैदानावर लवकर थकू लागला व शाळेबाहेर चोरून वडापाव खाऊ लागला. पत्नीचे हिमोग्लोबिन ९ ग्रॅमच्या आसपास निघाले. ते सहा आठवड्यांत उतरले असे म्हणता येणार नाही, आधीपासूनच कमी असावे. मात्र घरात तीन प्रकारचा स्वयंपाक करून शेवटी स्वतःच्या ताटात उरलेली भाजी व पनीरचे दोन तुकडे घेणाऱ्या त्या स्त्रीची कोणी चौकशीच केली नव्हती. सर्वांचे लक्ष वजनकाट्यावर व वजनकाट्यावर एकटे शिक्षक!

ही स्थिती अपवादात्मक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया पांडुतेने ग्रस्त आढळल्या. ज्या घरात स्त्रिया मांसाहार करीत नाहीत, तेथे तूर, मूग, मठ, हरभरा काढून घेतल्यास प्रथिने व लोह यांची भरपाई कशाने करावयाची? शंभर बदामांची न्याहारी एका माणसामागे रोज शंभर रुपयांच्या घरात जाते. सोयाबीन व तूर यांच्या भावावर ज्या घराचे वर्ष अवलंबून असते, त्या घरात हा खर्च फार तर एकासाठी होतो. तो एक कोण असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

संहितांची दृष्टी

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचे हिताहित ठरविण्यासाठी आठ गोष्टी सांगितल्या : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. पॅलिओ आहाराचा सगळा विचार यांतील पहिल्या गोष्टीपाशी, म्हणजे द्रव्याच्या स्वभावापाशी थांबतो. उपयोक्ता कोण आहे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही, कारण ‘मानव’ हा एकच उपयोक्ता गृहीत धरलेला आहे. आपल्या शास्त्रात मात्र ओकसात्म्य उपयोक्त्याच्या अधीन आहे. त्याच्या सात्म्याचा विचार न करता दिलेले पथ्य कागदावर कितीही निर्दोष दिसले तरी ते अपुरेच राहते.

नित्य सेवन करावयाच्या द्रव्यांची जी यादी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात येते, तीत साठेसाळी व साळी, यव, मूग, आवळा, दूध, तूप, मध आणि जांगल मांस ही सर्व एकत्र नांदतात. धान्यास शत्रू मानणाऱ्याला ही यादी पटणार नाही. मांसास शत्रू मानणाऱ्यालाही पटणार नाही. प्रमेहाच्या हेतूंमध्येही आचार्यांनी सरसकट धान्य सांगितलेले नाही. नवे धान्य, दही, दूध, गुळाचे विकार, ग्राम्य, औदक व आनूप मांस, आणि यांच्या जोडीला बसून-झोपून राहण्याचे सुख, असा तो गट आहे. चिकित्सेत मात्र यवास अग्रस्थान आहे.

सुश्रुताचार्यांच्या प्रमेहचिकित्सेतील एक भाग या संदर्भात मुद्दाम वाचावा असा आहे. निर्धन व निराधार रुग्णाने पादत्राण व छत्र न घेता, भिक्षेवर राहून, गावोगावी एकेक रात्र काढीत शंभर योजने चालावे. धनवानाने श्यामाक व नीवार यांवर राहून आवळा, कवठ, टेंभुर्णी, आपटा यांची फळे खाऊन हरणांच्या सहवासात राहावे. इतरांनी सतत नांगर धरावा किंवा विहीर खणावी, असा तेथील उपदेश आहे. हाच आपला ‘पॅलिओ’ म्हणावयाचा असेल तर खुशाल म्हणावा. पण त्यात वन्य का होईना, तृणधान्य आहे आणि मुख्य म्हणजे चालणे व घाम गाळणे आहे. कवठ, टेंभुर्णी, आपटा व आवळा आपल्या जिल्ह्यातील माळरानांवर व बांधांवर आजही उभे आहेत. हरणांचा सहवास तेवढा कठीण, कारण कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात मुक्काम ठोकण्यास वनखाते परवानगी देणार नाही. विनोद बाजूला ठेवला तरी, झोपेतून उठून मोटारसायकलवर शाळेत व शाळेतून खुर्चीवर येणाऱ्याने केवळ ताटापुरते अश्मयुगात जावे, हे या उपदेशात बसत नाही.

त्याच प्रकरणात पुढे आचार्यांनी बजावले आहे की, कृश रुग्णाचे मात्र सदैव रक्षण करावे. चरकाचार्यांनीही प्रमेहाचे रुग्ण स्थूल व बलवान आणि कृश व दुर्बल असे दोन प्रकारचे सांगून एकास शोधन व दुसऱ्यास बृंहण योजले. रोग एकच असूनही पथ्य उलट! मग ज्यांना रोगच नाही अशा पत्नीला, वाढत्या मुलाला व वातप्रधान वयातील आईला त्या स्थूल रुग्णाचे अपतर्पण का भोगावयास लावावे?

संहितांनाही एक ‘सुवर्णयुग’ आहे, हे येथे सांगितले पाहिजे. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात कृतयुगातील ऱ्हासाची कथा येते. पण त्या ऱ्हासाचे कारण धान्य नाही. काहींनी आवश्यकतेहून अधिक घेतले, त्यामुळे शरीर जड झाले, जडत्वातून श्रम, श्रमातून आळस, आळसातून साठवण व साठवणीतून लोभ, अशी ती साखळी आहे. आजच्या स्थौल्याचे याहून नेमके निदान क्वचितच सापडेल.

जे योग्य आहे, ते मान्य करावे

एवढे लिहिल्यानंतर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. साखर, मैदा, बिस्किटे, फरसाण, बाटलीबंद पेये यांना पॅलिओवाले घराबाहेर काढतात, ही त्यांची मोठी कामगिरी आहे. शिक्षकांना जो लाभ झाला त्यातील बराच वाटा याचाच असावा. स्वीडनमधील लहान अभ्यासांत या आहाराने मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा सुधारल्याचे आढळले आहे. तेथेच ७० स्थूल व रजोनिवृत्त स्त्रियांवर दोन वर्षे झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांपर्यंत पॅलिओ गट सरस ठरला. दोन वर्षांच्या अखेरीस मात्र वजनातील दोन्ही गटांचा फरक उल्लेखनीय राहिला नाही. आरंभीचे यश व दीर्घकाळचे यश या भिन्न गोष्टी आहेत, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आपल्या ताटात धान्याची राशी फार झाली आहे, हेही खरे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीवर आधारित २०२५ च्या अहवालानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांपासून येते व प्रथिनांचा वाटा अवघा १२ टक्क्यांच्या आसपास आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवावा असे सुचवले. उपरोक्त अहवालातील आणखी एक निष्कर्ष आपल्यापैकी भाकरीचा पुरस्कार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा : तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य खाल्ल्याने, राशी तीच राहिली तर, मधुमेहाचा धोका कमी होत नाही, त्यातील काही वाटा डाळी, दुग्धजन्य पदार्थ, अंडी यांसारख्या प्रथिनांना दिल्यास तो कमी होतो. ज्वारीची आहे म्हणून चार भाकरी खाव्यात, असा अर्थ कोणी काढू नये. जुनी ज्वारी, पण एकच भाकरी, वरण घट्ट, अंबाडी, तरोटा, घोळ यांसारखी पालेभाजी भरपूर, रात्रीचे जेवण लवकर, आणि नंतर शतपावली. यास नवे नाव देण्याची आवश्यकता नाही.

औषधांकडे लक्ष द्यावे

या लेखातील सर्वांत निकडीचा भाग हा आहे. आपल्याकडे येणारे बहुसंख्य मधुमेही रुग्ण आधुनिक औषधेही घेत असतात. ग्लिमेपिराइडसारखी औषधे किंवा इन्सुलिन चालू असताना धान्य एकाएकी बंद केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. शिक्षकांचा घाम व कंप याचीच लक्षणे होती. औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवून मात्रा कमी करून घेतल्यावर ती थांबली.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ते स्वस्त झाले असून तालुक्याच्या औषध दुकानांतही सहज मिळते. या औषधांवर असणाऱ्या रुग्णाने कर्बोदके फार कमी केल्यास रक्तात आम्लद्रव्ये साचून किटोअॅसिडोसिस होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने या औषधांच्या बाबतीत २०१५ सालीच इशारा दिला होता. फसवेपणा असा की, त्या वेळी रक्तशर्करा फारशी वाढलेली नसते. रुग्ण मळमळ, वांती, पोटदुखी, ग्लानी व जोराचा श्वास घेऊन येतो. त्यास अम्लपित्त किंवा छर्दी समजून सूतशेखराची पुडी बांधण्यापूर्वी त्याच्या खिशातील गोळ्यांची पट्टी पाहावी, लघवीतील किटोन तपासावे व शंका येताच त्यास विनाविलंब सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. येथे दोन तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो.

आपले कर्तव्य

पॅलिओवर टीका करताना आपल्या स्वतःच्या टेबलावरील छापील पथ्यपत्रकाकडेही एकदा पाहावे, अशी माझी व्यवसायबंधूंना नम्र विनंती आहे. ‘गहू बंद, दही बंद, वांगे बंद, आंबट बंद’ असा एकच कागद संधिवाताच्या, त्वग्रोगाच्या व स्थौल्याच्या रुग्णाला सारखाच दिला जात असेल, तर भाच्याच्या सल्ल्यात व आपल्या सल्ल्यात अंतर ते काय उरले? उपयोक्त्याचा विचार वगळण्याचा दोष दोन्हीकडे सारखाच आहे.

यासाठी काही सूचना कराव्याशा वाटतात. आहार बदलणाऱ्या रुग्णाला ‘घरात आणखी कोण कोण हेच खाते?’ हा प्रश्न अवश्य विचारावा आणि शक्य तर पत्नीला, आईला व मुलांना एकदा बोलावून त्यांचे बल, अग्नी व वजन पाहावे. पथ्य व्यक्तीच्या नावाने लिहावे, घराच्या नावाने लिहू नये. सवयीचे द्रव्य सोडावयाचे असल्यास सूत्रस्थानात सांगितल्याप्रमाणे चतुर्थांशाने, क्रमाक्रमाने सोडवावे. एका सोमवारी सर्व डबे माळ्यावर टाकणे हे सात्म्यविरोधी आहे. गर्भिणी, सूतिका, वाढती मुले, वृद्ध व वृक्कविकारी यांना असे प्रयोग करू देऊ नयेत. आधुनिक औषधे चालू असल्यास संबंधित डॉक्टरांना चिठ्ठी लिहावी. त्यात कमीपणा नाही. आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलावे. एकाच चुलीवर, एकाच वरणातून व एकाच भाजीतून राशी बदलून चार जणांची चार ताटे वाढता येतात. स्थूल शिक्षकांना एक भाकरी, मुलाला तीन; आईंना मऊ मुगाची खिचडी व तूप; पत्नीला दोन भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, तीळ व वर लिंबू. त्या घरात आज साधारण असेच चालले आहे. शिक्षकांचे वजन पूर्वीच्या वेगाने उतरत नाही. पण वाढलेलेही नाही.

लोक आहाराविषयी स्वतः विचार करू लागले आहेत, ही तक्रारीची बाब नसून संधी आहे. ते भाच्याला विचारतात, कारण भाचा त्यांना वेळ देतो. आपण केवळ नाडी पाहून पुडी बांधणार असू, तर डबे माळ्यावर चढतच राहतील. प्रत्येक रुग्णामागे आहाराच्या चौकशीसाठी दहा मिनिटे राखून ठेवली आणि त्या दहा मिनिटांत वजनकाट्यावर न चढलेल्या माणसांचीही विचारपूस केली, तर आठ आहारविधिविशेषायतने पाठ केल्याचे सार्थक होईल.